एकटी उरलेली गिनीपिग एकत्र आणायला जागा द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा आला की पेपरात चिमण्यांसाठी गॅलरीत पाणी ठेवा म्हणून छापून येतं, आणि ते वाचून आमच्या गल्लीत खरंच दोन-चार घरांवर मातीची भांडी लटकायला लागली, म्हणून हे पत्र लिहायचं धाडस करतेय. विषय चिमण्यांचा नाही, गिनीपिगचा आहे. हसू नका. मुलांच्या हट्टापायी आपल्याकडे बऱ्याच घरात आता हे जनावर आलंय, आणि जोडीतलं एक मेलं की मागे राहिलेल्याचं काय करायचं ते कुणालाच माहीत नसतं. दुकानदार सांगत नाही, शेजारीपाजारी दात काढतात आणि ते मुकं जनावर कोपऱ्यात तोंड खुपसून बसतं. माझं मागणं एवढंच आहे की शहरात अशी जी एकएकटी उरलेली गिनीपिग असतील त्यांची गाठ घालून द्यायला कुठंतरी जागा पाहिजे, आणि ती पेपरात असली तर सगळ्यांना दिसेल.

आधी आमचं सांगते. मी पूर्व भागात राहते, घरी दोन मशिनी टाकून शाळेचे युनिफॉर्म शिवते. मुलीचा दहावीचा निकाल लागला तेव्हा तिच्या मामाने दोन मादी आणून दिल्या, एक फिकट बदामी आणि एक तांबडी-काळी. मुलीने नावं ठेवली शेंगा आणि चटणी. सोलापूरच्या पोरीला दुसरं काय सुचणार! सासूबाईंनी आयुष्यभर विड्या वळल्या, त्यांचं म्हणणं होतं की घरात उंदीर मारायला औषध आणायचं आणि दुसरीकडे विकत आणून उंदीर पाळायचे हा कुठला न्याय. पण महिनाभरात त्याच कोथिंबीर निवडताना काड्या बाजूला काढून ठेवायला लागल्या. फ्रीजचं दार उघडलं की दोघी मिळून जी शिट्टी ठोकायच्या ना, व्हीक व्हीक करून, ती मशिनीच्या आवाजात पण ऐकू यायची.

शेंगा यंदा पाडवा होऊन गेल्यावर गेली. वय झालं होतं, पाच ते आठ वर्षं जगतं म्हणतात हे जनावर. यांचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून सारखं गवत चावत राहावं लागतं, शेंगाच्या मागच्या दाढा वाकड्या वाढल्या आणि खाणं कमी कमी होत गेलं. डॉक्टर भला माणूस, त्यांनी स्वच्छ सांगितलं की माझा हात गाई-म्हशी आणि कुत्र्यांवर बसलेला, एवढ्याशा तोंडातल्या दाढा घासायची हत्यारं माझ्याकडे नाहीत, पुण्याला न्या. तेवढ्या उन्हात, तेवढ्या अशक्त जीवाला घेऊन पुणे गाठणं झालं नाही. रात्री मुलीच्या मांडीवर गेली.

आता यापुढचं जे आहे ते लोकांना कळावं म्हणून सविस्तर लिहितेय.

घंटागाडीवाल्याला द्या, असा सल्ला पहिल्या तासात मिळाला. आम्ही दिली नाही. मुलगी बीएस्सीला झूलॉजी घेऊन शिकते, तिने कुठंकुठं वाचून ठेवलं होतं की जोडीदार मेली तर ती मागे राहिलेलीला बघू द्यावी, वास घेऊ द्यावा, गुपचूप उचलून नेली तर ती शोधत बसते. गिनीपिग पाळणारे जगभर हेच सांगतात. म्हणून शेंगाला तिच्याच कापडावर पिंजऱ्यात ठेवलं. चटणी आली, कानाजवळ हुंगलं, नाकाने दोनदा ढोसलं, केस चाटले, मग बाजूला जाऊन बसली. परत आली, परत हुंगलं, परत गेली. नंतर ती तिकडे फिरकलीच नाही, तेव्हा आम्ही उचललं. सकाळी नणंदेच्या शेतात हिप्परग्याच्या बाजूला कडुनिंबाखाली खोल खड्डा करून पुरलं, वरवर पुरलं की कुत्री उकरतात. (एक सांगते, जनावर साथीच्या रोगाने मेलं असेल तर असं जवळ ठेवू नका, लगेच वेगळं करा आणि पिंजरा धुवून काढा. आमच्याकडे तसं नव्हतं.)

शेजारणीला सांगितलं शेंगा गेली तर ती म्हणते, अगं संपल्या तर मंगळवार बाजारातून आण की. तिला खरंच कळलं नव्हतं. कळल्यावर म्हणाली, उंदरासाठी सुतक धरणार का तुम्ही? सुतक नाही धरलं कुणी, पण सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत एवढं मी पाहिलं.

आणि मग चटणी. हे जनावर रडत नाही, ओरडत नाही, त्यामुळे लोकांना वाटतं त्याला काही कळत नाही. चटणीची शिट्टी बंद झाली. फ्रीज उघडा, कोथिंबिरीची जुडी सोडा, काही नाही. शेंगा ज्या कोपऱ्यात झोपायची तिथं जाऊन भिंतीकडे तोंड करून बसायची. गवत तसंच पडून. आता यात धोका काय आहे ते सांगते कारण इथंच बऱ्याच जणांचं दुसरं जनावर पण जातं, आणि मग लोक म्हणतात बघा, विरहाने गेलं. विरह असेल पण खरं कारण पोट आहे. गिनीपिगचं आतडं सारखं चालू राहावं लागतं, आत गवत जात राहिलं तरच ते चालतं. अर्धा-एक दिवस काहीच खाल्लं नाही की आतडं थंडावतं, गॅस धरतो, दुखतं म्हणून ते अजून खात नाही, आणि बघता बघता जनावर हातचं जातं. माणसाने दोन दिवस उपास केला तर चालतो, याला एक दिवसही महाग पडतो.

त्यात अजून एक गोष्ट, यांच्या अंगात व्हिटॅमिन सी तयार होत नाही, आपल्यासारखंच, ते रोज खाण्यातूनच जावं लागतं. खाणं तुटलं की तेही तुटलं, मग सांधे दुखतात, हिरड्या सुजतात, अंगावरचे केस खरबरीत होतात.

म्हणून आम्ही किचनचा वजनकाटा काढला. मोठ्या गिनीपिगचं वजन साधारण ७०० ग्रॅमपासून एक-सव्वा किलोपर्यंत असतं. रोज सकाळी त्याच वेळेला टोपल्यात घालून चटणीचं वजन करायचं आणि कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहायचं. नुसतं बघून कळत नाही, केस फुगलेले असतात, काटा खोटं बोलत नाही. वजन उतरायला लागलं तसं मुलीने गोळी खाद्य कोमट पाण्यात भिजवून मऊ लगदा केला आणि बिनसुईच्या सिरिंजने तोंडाच्या कडेने थोडं थोडं चाटवलं. सरळ घशात दाबायचं नाही, श्वासनळीत जातं. ढोबळी मिरचीची चकती, कोथिंबीर, पेरूची फोड असं वासाचं काहीतरी नाकासमोर धरायचं. पहिल्यांदा तिने ढोबळी मिरचीच ओढून घेतली. आमच्या घरात त्या दिवशी कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं पोरीला नोकरी लागली!

घरात उरलेली औषधं देऊ नका, हे मात्र ठळक अक्षरात छापा साहेब. लहान मुलांचं सर्दी-तापाचं अँटिबायोटिक सिरप जवळजवळ प्रत्येक घरात पडलेलं असतं. अमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन, पेनिसिलिनच्या घरातलं कुठलंही औषध तोंडाने गेलं तर गिनीपिगच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात, वाईट जंतू माजतात आणि जनावर मरू शकतं. आपल्या पोराला चाललं म्हणून याला चालत नाही. डॉक्टरकडे गेलात तरी एकदा विचारा, साहेब हे गिनीपिगला चालतं का. विचारल्याने कुणी रागावत नाही.

खाण्याचं थोडं अजून. आपल्याकडे लोक सशाला देतात तसा लसूणघास रोज ढिगाने घालतात. पिल्लाला आणि गाभण मादीला ठीक आहे, मोठ्या जनावराला रोज दिला तर त्यातल्या कॅल्शियमने मूतखडा होतो. साधं सुकं गवत भरपूर आणि स्वच्छ हरळी, एवढं मुख्य पाहिजे. कोवळी ज्वारी जनावराला बाधते हे शेतकऱ्याला सांगायला नको, शहरातल्या पोरांना सांगावं लागतं. भाकरी-चपाती, फरसाण, कांदा, बटाटा काही नाही. आजीला लाख सांगा, आजी भाकरीचा तुकडा टाकतेच, तो नजर चुकवून उचलायचा.

मन रमवायचं म्हणाल तर फार काही जादू नाही. पिंजरा लगेच हलवला नाही, सगळं एकदम धुतलं नाही, शेंगाच्या वासाचं एक कापड तसंच ठेवलं. आमच्याकडे ट्रॅकसूटच्या कापडाची कटिंग भरपूर पडते, तीच अंथरायला वापरतो (सोलापुरी टॉवेल कितीही मऊ असला तरी त्याच्या फाशात यांची नखं अडकतात, नको). पिंजरा मशिनीजवळ नाही पण माझ्या नजरेसमोर राहील असा. खाण्याच्या वेळा जराही बदलल्या नाहीत. आणि संध्याकाळी सासूबाई तिच्याशी बोलत बसायच्या, अर्धं तेलुगू अर्धं मराठी, गल्लीतल्या सगळ्यांच्या कागाळ्या तिला सांगायच्या. मला वाटतं त्यात सासूबाईंचंच मन जास्त मोकळं झालं, पण चटणी कान टवकारून ऐकायची हे खरं.

एकटीला उन्हाळा पण जड जातो. हे थंड डोंगराळ भागातलं जनावर, दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वत आहे तिकडचं. पेरू देशात लोक ते खातात पण, हे मुलीने सांगितल्यावर सासूबाईंनी कानाला हात लावला. २६-२७ डिग्रीच्या वर गेलं की याला त्रास सुरू होतो आणि आपल्याकडे पारा ४३ ला जातो. आम्ही पिंजऱ्यात शहाबादी फरशीचा तुकडा ठेवतो, त्यावर ती पोट टेकून पसरते. गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका बाजूला. लाईट गेली की पिंजऱ्याच्या एका अंगाला ओली चादर, सगळीकडून झाकायचं नाही, हवा खेळली पाहिजे.

तर एवढं सगळं करून चटणी खायला लागली. वजन पण बरंचसं भरलं. पण शिट्टी अजून पहिल्यासारखी नाही, आणि आनंद झाला की जागच्या जागी टुणटुण उड्या मारायची ते तर नाहीच. कारण माणूस कितीही माया करो, तो गिनीपिग नाही. हे कळपातलं जनावर आहे. मुलगी सांगते की संशोधकांनी रक्तातलं कॉर्टिसॉल मोजून बघितलंय, म्हणजे टेन्शनचं हार्मोन, ओळखीची जोडीदार शेजारी असली की अनोळखी जागेत ते कमी वाढतं. आम्हाला रक्त तपासायची गरज पडली नाही, आम्ही रोज बघतोय.

मग लोक उपाय सांगतात. आरसा लावा. टेडी ठेवा. टेडीला टेकून झोपते बिचारी, पण टेडी शिट्टीला उत्तर देत नाही. कुणी म्हणतं ससा आणून सोडा, तो तर अजिबात नको, सशाच्या एका लाथेत याची बरगडी जाते आणि सशाच्या नाकात काही त्रास न देता राहणारे जंतू याला न्यूमोनिया करतात. आणि सगळ्यात सोपा उपाय म्हणजे दुकानातून नवीन पिल्लू आणा.

इथंच माझी खरी अडचण आहे साहेब. पिल्लू आणलं, दोन-तीन वर्षांत चटणी जाईल, मग ते पिल्लू एकटं, मग त्याला अजून एक पिल्लू, म्हणजे हे संपणारच नाही. आणि दुकानात दोन्ही मादी आहेत म्हणून देतात, घरी आणल्यावर दोन-अडीच महिन्यात पिंजऱ्यात पिल्लं. मादीचं वय सहा-सात महिन्यांच्या पुढं गेलेलं असेल आणि पहिलीच खेप असेल तर कमरेचं हाड उघडत नाही, बाळंतपणात मादी जाते. चटणीच्या वयात तर विचारच नको. २०१८ पासून पेट शॉपचे केंद्र सरकारचे नियम आहेत, त्यात गिनीपिगचा स्पष्ट उल्लेख आहे, दुकानाने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. आपल्या शहरात किती जणांनी केलीय ते एखाद्या वार्ताहराने जाऊन बघावं, बातमीच होईल. निदान एवढं तरी दुकानदाराने सांगावं की हे जोडीने राहणारं जनावर आहे, आणि नर की मादी ते नीट बघून द्यावं.

स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ पासून कायदाच आहे, गिनीपिग एकटं ठेवायचं नाही, कमीत कमी दोन. त्यातून तिकडे सुद्धा हाच प्रश्न आला की जोडीतलं एक मेलं तर लगेच कायदा मोडतो, म्हणून तिकडे एकट्या उरलेल्या म्हाताऱ्या गिनीपिगला सोबत म्हणून दुसरं गिनीपिग भाड्याने मिळायला लागलं. मुलीने वाचून दाखवलं तेव्हा माझा विश्वासच बसेना. पण विचार केला तर किती शहाणपणाचं आहे! नवीन विकत आणायला नको, साखळी तिथंच तुटते.

आपल्याकडे भाडं वगैरे नको, कायदा पण नको, पाण्यासाठी चार-चार दिवस वाट बघणाऱ्या शहरात गिनीपिगचा कायदा करा म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. पण सात रस्त्याला कुणाच्या घरी एक एकटी मादी असेल, जुळे सोलापुरात एक असेल, अक्कलकोट रोडला एक असेल, आणि तिन्ही घरातली पोरं आपापल्या जागी टेडी ठेवून बसली असतील. त्यांना एकमेकांचा पत्ताच नाही. लग्नाच्या जाहिराती छापता, हरवले-सापडले छापता, त्यातच आठवड्यातून एकदा दोन ओळींची जागा द्या. मादी आहे की नर, वय किती, कुठल्या भागात, बस.

नर असेल तर नसबंदी झालेलाच मादीबरोबर ठेवायचा, आणि नसबंदीनंतर पण पाच-सहा आठवडे वेगळा, कारण तेवढे दिवस तो गाभण करू शकतो. दोन अनोळखी मोठे नर सहसा जमत नाहीत, रक्त निघेपर्यंत भांडतात. दोन मादी बहुतेक जमतात. आणल्या आणल्या एका पिंजऱ्यात टाकायचं नाही, दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत, खोकला, उवा, खरूज काही नाही ना बघायचं. मग दोघींच्या वासाची नसलेली मोकळी जागा, मध्ये गवताचा मोठा ढीग, आणि आपण खाली जवळ बसायचं. गुरगुरतील, ढुंगण हलवत फिरतील, एकमेकीवर चढतील, ते चालतं, मोठी कोण ते ठरतंय. दात कटकट वाजवले की लक्ष द्या. अंगावर धावून चावायला लागल्या तर हात मध्ये घालू नका, जाड टॉवेल टाका आणि वेगळं करा, दुसऱ्या दिवशी परत.

पहिली नोंद आमचीच घ्या. चटणी, मादी, पाच वर्षांच्या पुढे, दात आणि पोट ठीक, माणसाची सवय आहे. घरात यावरून भांडण चालू आहे तेही सांगते. मुलगी पुढच्या वर्षी एमएस्सीला पुण्याला जाईल, म्हणून मी म्हणते की कुणाकडे दोन-तीन मादींचा कळप असेल तर चटणीलाच तिकडे देऊ, तिला सोबत महत्त्वाची. मुलगी म्हणते द्यायची नाही, दुसरी आपल्याकडे आणायची. सासूबाई मुलीच्या बाजूने. त्यामुळे सध्या तरी दोन मतं विरुद्ध एक, म्हणजे आधी कुणाकडे एकटी मादी असेल आणि तुम्हाला सांभाळायला जमत नसेल तर आम्ही घ्यायला तयार आहोत, पिंजरा मोठा आहे, गवत-पाण्याचे पैसे नकोत. तुमची पोरं कधीही येऊन बघून जाऊ देत.

माझं नाव-नंबर पाकिटात वेगळ्या कागदावर दिलाय, तो छापू नका, कुणी विचारलं तर तुमच्या ऑफिसातून कळवा. रविवारी सकाळी मशीन बंद असते, तेव्हा आलेलं बरं. आणि जनावर आणणार असाल तर दहाच्या आत आणा, पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून, आत थोडं गवत आणि काकडीची फोड टाकून, गाडीच्या डिकीत नको, मांडीवर घेऊन.

आपली,
एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर